दहा-दहा मिनिटं

आमचा मुलगा सहा आठवड्यांचा झाला होता आणि त्यातले चार आठवडे तो रडत होता. दुपारी चारला सुरू करायचा, सातला थांबायचा. मध्ये सुट्टी नाही. त्याच्या बापाने त्याचं नाव भोंगा ठेवलं. कागदावरचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते अजून कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं.

रडायचा म्हणजे घर डोक्यावर घ्यायचा. आधी तोंड वाकडं, मग मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन एकच टाहो. पोट हाताला टणक लागायचं. मध्येच असा काही पादायचा की सासूबाई आतल्या खोलीतून विचारायच्या, "काय पडलं गं?" मग दोन मिनिटं शांत. मग पुन्हा पाय पोटाशी. मी त्याला खांद्यावर टाकून खिडकीपासून दारापर्यंत फिरायचे. अकरा पावलं. दारापाशी वळलं की परत अकरा. बसले की तो ओरडायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही बसवत नव्हतं.

पावलं मोजायची सवय धंद्यातून आलेली. मी शर्टांच्या कारखान्यात वेळ मोजते. कॉलर शिवायला किती सेकंद, बाही जोडायला किती, बटण लावायला किती, हे मशीनमागे उभं राहून स्टॉपवॉचवर घ्यायचं आणि त्यावरून पाळीचं काम ठरवायचं. लाइनवरच्या बायका मला पाठीमागे घड्याळबाई म्हणतात. मला त्याचा राग येत नाही असं मी सगळ्यांना सांगते. येतो.

बाळंतपणानंतर घरी सोडताना नर्स म्हणाली होती, "दोन्ही बाजूंनी पाजा हं. साधारण दहा-दहा मिनिटं." आता 'साधारण' हा शब्द माझ्या धंद्यात चालत नाही. साधारण म्हणणाऱ्या माणसाला आम्ही परत मोजायला पाठवतो. मी घरी आल्या आल्या गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं आणि वही आखली. सुरुवात, बाजू, शेवट, ढेकर, शीचा रंग, रडणं. दहा मिनिटं डावीकडे, टुक, दहा मिनिटं उजवीकडे, टुक. पुढच्या वेळी उलट. सहा आठवड्यांत एकदाही साडेदहा झाली नाहीत. एवढं काटेकोर काम करूनसुद्धा पोर कळवळत होतं, याचा मला भयंकर संताप यायचा. कुणावर, ते ठरत नव्हतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो संध्याकाळी आला की पोराच्या पोटाला कान लावायचा.

"आत काहीतरी फिरतंय," तो म्हणायचा.

"मग दुरुस्त कर."

"पॅनल कुठून उघडायचं तेवढं सांग."

सासूबाईंना यात गंमत दिसत नव्हती. त्यांच्या मते दोष माझ्या खाण्यात होता. आधी माझा कोबी बंद झाला, मग फ्लॉवर, मग दूध, मग अंडी. मी ब्रेड आणि उकडलेल्या बटाट्यावर आले, तरी भोंगा चारला वाजायचाच. मग त्यांच्या मते दोष माझ्या दुधातच होता. "काहींचं दूध जड असतं गं, तुझा काही गुन्हा नाही," असं त्या इतक्या प्रेमाने म्हणायच्या की गुन्हा सिद्ध झाल्यासारखं वाटायचं.

शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, वजन केलं. "ताप नाही, उलटी नाही, शीमध्ये रक्त नाही. वजन तर झकास वाढतंय. गॅस आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंत जाईल." एवढं बोलून त्यांनी पुढच्या बाळाला हाक मारली. आम्ही आत होतो ती चार मिनिटं आणि काही सेकंद.

घरी येताना सासूबाईंनी वाटेतल्या दुकानातून पावडरच्या दुधाचा डबा घेतला आणि स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. "रविवारपर्यंत बघू," त्या म्हणाल्या. "तोवर फरक पडला नाही तर तुझं बंद, वरचं सुरू. आपल्या हट्टापायी पोराचे हाल नकोत." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि बूट काढायला वाकला. बूट काढायला त्याला इतका वेळ कधीच लागत नाही.

डबा वाईट नव्हता. माझ्या बहिणीची दोन्ही मुलं डब्यावर वाढली आणि दांडगी झाली. पण मला ते माझ्याकडून काढून घेतलेलं नको होतं. भोंगा प्यायला लागला की पहिल्या मिनिटाला भुवया उंचावायचा, आश्चर्य वाटल्यासारख्या, आणि एक हात माझ्या गळ्याशी आणून ठेवायचा. दिवसभरात तेवढंच एक मिनिट मी कुठे चालत नसायचे, काही आवरत नसायचे. ते जाणार या विचाराने मला शनिवारी सकाळी भांडी घासता घासता रडू आलं, आणि मी रडते म्हणून स्वतःचाच राग आला, आणि एक कप फुटला.

शनिवारी दुपारी तीनला दार वाजलं. दारात कॉलरवाली.

पंधरा वर्षं ती एकाच मशीनवर कॉलर शिवते, म्हणून तिला सगळे तेच म्हणतात. लाइनवर तिच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नाही. पण माझ्याशी ती आजवर "हो मॅडम" आणि "दोरा संपला मॅडम" याच्या पलीकडे बोलली नव्हती. तिच्या हातात कापडी पिशवी होती. लाइनवरच्या बायकांनी उरलेल्या कापडाची पाच झबली शिवली होती.

"मीच जवळ राहते म्हणून मला पाठवलं," ती म्हणाली. कुणीच यायला तयार नव्हतं, असा त्याचा अर्थ मी घेतला.

सासूबाईंनी तिला चहा दिला. साडेतीन वाजत आले होते, पाजायची वेळ. बाईमाणसासमोर लाजायचं काय, म्हणून मी तिथेच पलंगावर बसले, भोंग्याला डावीकडे घेतलं आणि बटण दाबलं. कॉलरवालीने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कपाकडे. घड्याळाची सवय होती तिला.

दहा मिनिटं झाली. मी करंगळी भोंग्याच्या ओठांच्या कोपऱ्यात घालून त्याला सोडवलं. त्याने हनुवटीवर दूध ओघळवत निषेध केला. मी त्याला फिरवून उजवीकडे लावलं. तिकडे पान्हा आधीच फुटला होता. पहिल्याच घोटाला ठसका लागला, नाकात गेलं, मग तो टॉक टॉक आवाज करत, श्वास न घेता, गटागट प्यायला लागला. पाठीवर माझा हात होता तिथे पोटातली गुडगुड कळत होती.

कॉलरवालीने कप खाली ठेवला.

"त्याला का काढलंत मगाशी?"

"दहा मिनिटं झाली."

"तुमची झाली. त्याची कुठे झाली होती?"

माझं पित्त खवळलं. घरात सासू शिकवते, दवाखान्यात डॉक्टर शिकवतो, आता कॉलर लाइनही शिकवणार. "नर्सने सांगितलंय दहा-दहा," मी म्हटलं. माझा लाइनवरचा आवाज आपोआप बाहेर आला.

ती लाइनवरच्यासारखी गप्प बसली नाही. "मॅडम, अर्धं बंडल टाकून कुणी दुसरं सोडलं तर लाइनवर कोण ओरडतं?"

मीच ओरडते. एक बंडल पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याची गाठ सोडायची नाही, नाहीतर मापं मिसळतात, कॉलर एकाची आणि शर्ट दुसऱ्याचा होतो. हा नियम भिंतीवर माझ्याच अक्षरात आहे.

"तसंच आहे हे," ती म्हणाली. "पहिलं येतं ते पातळ असतं. तहानेचं. जोरात येतं. मग हळूहळू दाट येतं, पोट भरायचं. ते यायला लागलं की तुम्ही त्याला उचलता आणि दुसरीकडच्या पातळावर लावता. मग पोटात दोन्हीकडचं पातळच. पोट तट्ट, पण भूक तशीच. आणि एवढ्या पातळाचा नुसता गॅस होतो. शी हिरवी करतो ना? फेसाची?"

मी वहीकडे बघितलं. रंगाच्या रकान्यात चार आठवडे 'हिरवा' लिहिलेलं होतं. मी मोजून मापून लिहिलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं, का.

"तुम्हाला कसं माहीत?"

"धाकट्याच्या वेळी असंच झालं. तेव्हा मी घरी होते. लसीच्या दवाखान्यातली नर्स शेजारी बसून बघत राहिली, अख्खं पाजून होईस्तोवर. तेव्हा तिच्या लक्षात आलं. हे ऐकून नाही कळत."

एव्हाना सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "म्हणजे तासभर पाजत बसायचं का? आणि कामं?"

"तासभर नाही लागत, आजी. दाट मिळालं की तोच सोडतो."

चारला भोंगा वाजलाच. ती गेली नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि ती झबल्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत होती. मध्येच तिने त्याला माझ्याकडून घेतलं, आपल्या हातावर पालथं टाकलं, पोट मनगटावर, पाय लोंबते, आणि पाठीवर नुसता तळवा ठेवून उभी राहिली. थोपटलं नाही, हलवलं नाही. तो रडतच होता, पण आवाजातली धार गेली.

साडेपाचला तो पुन्हा तोंड हलवायला लागला. "आता परत उजवीकडेच," ती म्हणाली. "मगाशी तिथलं अर्धं राहिलंय. आणि अशा ताठ बसू नका. मागे रेला, त्याला अंगावर पालथा घ्या. दूध वर चढून यायला लागलं की जोर कमी होतो, ठसका लागत नाही. आणि ते काढा."

मी स्टॉपवॉच काढून उशीखाली ठेवलं. पुढे काय झालं ते सांगायला मला सोपं आहे, पण तेव्हा जीव नुसता टांगणीला लागला होता. किती झाली? सात? बारा? माझा अंगठा वळवळत होता. पाय हलत होता. भोंगा आधी भराभर प्यायला, मग सावकाश, मग डोळे मिटून थांबला.

"झोपला," मी म्हटलं आणि करंगळी पुढे केली.

"थांबा."

"अहो, झोपलाय!"

"जबडा बघा."

जबडा हलत होता. अगदी बारीक, थरथरल्यासारखा, आणि मग एक मोठा घोट. परत थरथर, परत घोट. असं किती वेळ चाललं देव जाणे. मग त्याने स्वतःहून सोडलं. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरा थेंब, मुठी उघडलेल्या. चार आठवड्यांत मी त्याचे तळवे नीट पाहिलेच नव्हते. खांद्यावर घेताच त्याने एकच, भरघोस, कंत्राटदाराला शोभेल अशी ढेकर दिली.

आणि सहाला परत रडायला लागला.

"झालं?" सासूबाई म्हणाल्या. "हेच ना ते?"

"पी हळद अन् हो गोरी असं नसतं, आजी," कॉलरवाली चप्पल घालत म्हणाली. "चार दिवस द्या."

"उद्या रविवार आहे," सासूबाई म्हणाल्या.

रविवारी दुपारी त्यांनी पाणी उकळलं. बाटली उकळली. डबा खाली काढला, चमचा पुसला. भोंगा माझ्या खांद्यावर किंचाळत होता. त्या दुष्ट नव्हत्या हे मला तेव्हाही माहीत होतं; त्यांचे डोळे भरलेले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

"आई, मला गुरुवारपर्यंत द्या."

"त्याला बघ गं जरा. कसा करतोय."

"मी त्याला रोज अर्ध्या जेवणावरून उठवत होते. सहा आठवडे. मला ते नीट करू द्या. नाही झालं तर मीच बाटली भरेन, तुम्हाला सांगावं लागणार नाही." हे बोलताना मी रडत होते आणि भोंग्याला खालीवर हलवत होते, त्यामुळे शब्द तुटून येत होते.

नवरा मागे उभा होता. त्याने घसा साफ केला. "आई, एक मेकॅनिक आत काम करत असला की दुसऱ्याने बटणं दाबायची नसतात."

"लिफ्ट रडत नाही," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी गॅस बंद केला. "गुरुवार. त्याच्यापुढे मी ऐकणार नाही."

त्या चार दिवसांत मी किती वेळा उशीखाली हात घातला असेल. सोमवारी तो पूर्वीइतकाच रडला. मी कॉलरवालीला मनात शिव्या दिल्या. दोन-तीन तास एकच बाजू चालायची, तेवढ्यात दुसरी भरून दगड व्हायची. मग ती थोडी पिळून हलकी करायची, मग परत तीच आधीची. मला वाटायचं आपण आंधळी कोशिंबीर खेळतोय. मंगळवारी तो अडीच तास रडला. मी मोजत नव्हते. सासूबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगायच्या. बुधवारी सकाळी त्या लंगोट हातात धरून धावत आल्या, जणू पेपरात नाव छापून आलंय.

"पिवळी! अगं, पिवळी केली!"

आम्ही तिघं त्या लंगोटावर वाकलो. नवऱ्याला कामाला उशीर झाला.

गुरुवारी भोंगा साडेचारला वाजला आणि सव्वापाचला थांबला. तेही रडणं साधं होतं, चिडल्याचं, पाय पोटाशी न घेता. सासूबाईंनी डबा मिठाशेजारून उचलला आणि सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. "असू दे. अडीअडचणीला," त्या म्हणाल्या. संध्याकाळी माझ्या पानात कोबी होता.

शनिवारी कॉलरवाली पुन्हा आली. यावेळी कुणी पाठवलं नव्हतं. मी मागे रेलून पाजत होते. ती समोर स्टुलावर बसून बघत होती, अगदी टक लावून, चहा गार होईपर्यंत. मला तिचे उपकार कसे मानावे कळत नव्हतं. लाइनवर मला कुणाचे आभार मानायची वेळ येत नाही. म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमचं मोठं किती वेळ प्यायचं हो?"

"मोठीचं कळलंच नाही." तिने कप उचलला. "ती कारखान्याच्या पाळणाघरात होती. पाजायची सुट्टी वीस मिनिटांची. जायला सहा, यायला सहा. राहिली आठ. चार इकडे, चार तिकडे. दिवसभर रडायची. पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, हिला तुझं दूध पचत नाही. मलाही वाटलं, माझंच दूध वाईट. तिसऱ्या महिन्यात बंद करून टाकलं."

तिने हे शेजारणीची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. वीस मिनिटं मी ठरवली होती. नोकरीला लागून तेव्हा मला दोन महिने झाले होते, साहेबांनी विचारलं होतं, पाजायच्या सुट्टीला किती वेळ पुरे. मी लाइनवरच्या एका बाईच्या मागे घड्याळ घेऊन, काट्यावर नजर ठेवून, पाळणाघरापर्यंत गेले आणि सहा मिनिटं लिहिली. तो आकडा मला अजून पाठ आहे. ती बाई आठवत नव्हती. मी तिची फक्त पाठ पाहिली होती.

"सहा मिनिटं कशी?" मी म्हटलं. "दोन जिने, अख्खं आवार, मग तो चढ. नऊ-दहा तरी लागतात तिथे जायला. तुम्ही सहात कशा पोचलात?"

"पळतच गेले ना." ती जरा हसली. "तुम्ही मागून घड्याळ घेऊन येत होतात, मॅडम."

मला उठायचं होतं. खिडकीकडे, दाराकडे, कुठेही, तिच्या नजरेसमोरून. पण भोंग्याचं अजून झालं नव्हतं, म्हणून मी तिथेच तिच्यासमोर बसून राहिले.